एकोणीस दिवस गरम पाण्याविना

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीच्या एका माजी खजिनदारांनी केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद, पंचवीस वर्षांचा आढावा घ्या." मी म्हटलं, आढावा अहवालात छापलेला आहे, तो तुम्ही वाचणार नाही हेही मला माहीत आहे. (हशा) मी पंचवीस वर्षांवर बोलत नाही. मी फक्त एकोणीस दिवसांवर बोलतो. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आपलं सोलर बंद पडलं होतं, ते एकोणीस दिवस. त्या वेळी खजिनदार मी होतो. त्यामुळं हे भाषण थोडं कबुलीजबाबासारखं होणार आहे, ते गोड मानून घ्या.

नवीन राहायला आलेल्यांसाठी आधी थोडं सांगतो. आपल्या गच्चीवर चाळीस पॅनेल आहेत आणि पाच हजार लिटरची टाकी आहे. अठ्ठेचाळीस घरं, म्हणजे घरटी शंभर लिटरच्या आसपास. हे सोलर बसवलं तेव्हा लोक इतके खूश झाले की पुढं बाथरूमचं काम काढताना निम्म्या लोकांनी गिझर काढूनच टाकले. विजेचं बिल उतरलं, नळ उघडला की वाफाळतं पाणी. गरम पाणी कुठून येतं याचा विचार करायची गरजच उरली नाही. आणि ज्याचा विचार करायची गरज उरत नाही ना, त्याचीच निगा राहत नाही.

सोलरची निगा म्हणजे काय? दोन मुख्य गोष्टी. आपण उन्हाळ्यात महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतो. बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच थर पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्यांत बसतो. तो वेळच्या वेळी काढावा लागतो. दुसरं म्हणजे, आपल्या टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती झिजून संपली की गंज टाकीला धरतो. म्हणून ती बदलायची असते. थर काढणं, कांडी बदलणं, पॅनेल धुणं, सगळं मिळून वर्षाला अठरा हजारांचं काम होतं.

ते काम मी सलग दोन वर्षं पुढं ढकललं. का? कारण वार्षिक सभेत मला सांगायचं होतं की यंदाही मेंटेनन्स वाढवलेला नाही. मी ते सांगितलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या. अगदी जोरात वाजवल्या. मला अजून आठवतंय.

आणि मग वसुबारसेच्या नऊ दिवस आधी, सकाळी साडेसहाला वॉचमन धावत आला. गच्चीवरून जिन्यात पाणी येतंय. टाकी खालून गळायला लागली होती. माणूस बोलावला, त्यानं टाकी रिकामी करून आत हात घातला. कांडीच्या जागी नुसती तार. तो म्हणाला, "साहेब, ही टाकी गेली. नवीन बनवायला लागेल, आणि कारखान्यातले लोक आता दिवाळीला गावी निघालेत. भाऊबीज झाल्याशिवाय काही होत नाही."

आता माणसाला गरम पाणी लागतं किती हो? पण नसलं की कळतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी विनोद केले. थंड पाण्यानं आंघोळ केली की प्रतिकारशक्ती वाढते, वगैरे. दुसऱ्या दिवशी बाजारातून इमर्शन रॉड आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला बी विंगचा फ्यूज उडाला आणि लिफ्ट मधेच अडकली. लिफ्टमध्ये शाळेची दोन मुलं आणि एक दूधवाला.

आपल्या सी विंगमधल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर ताईंनी त्या दिवशी सगळ्यांना खाली बोलावून चांगलंच झापलं. त्यांनी जे सांगितलं ते आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. तो मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर लावायचा नाही, पंधरा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावायचा. पाणी तापलं का हे बघायला बोट बुडवायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग रॉड बाहेर, आणि मगच पाण्याला हात. लोखंडी बादली नको. प्लास्टिकच्या बादलीला रॉड टेकता कामा नये. ओल्या पायांनी, बाथरूममध्ये उभं राहून तर मुळीच नाही. आणि घराच्या बोर्डात ईएलसीबी बसवलेला नसेल, तर रॉड वापरूच नका.

मग त्यांनी हिशेब मांडला. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. दीड हजारच्या रॉडला वीस मिनिटं. म्हणजे सगळ्यांनी एकदम रॉड लावायचं काहीच कारण नाही. नोटीस बोर्डावर वेळापत्रक लागलं: ए विंग साडेपाच ते सव्वासहा, बी विंग सव्वासहा ते सात, सी विंग सात ते पावणेआठ. लवकर ऑफिसला जाणाऱ्यांनी आपसात वेळा बदलून घ्यायच्या. पंचवीस वर्षांत आपण जेवढी वेळापत्रकं केली, त्यातलं तंतोतंत पाळलं गेलेलं हे एकमेव. (हशा)

ज्यांना रॉड नको होता त्यांनी गॅस धरला. तिथं एक सोपा हिशेब आहे, घरी लिहून ठेवा. पाणी वीस अंशांचं असेल तर एक भाग उकळतं आणि तीन भाग गार, की झालं चाळीस अंशांचं आंघोळीचं पाणी. म्हणजे पाच लिटरचं एक पातेलं उकळलं की वीस लिटरची बादली तयार. मोठा हंडा शेगडीवर चढवायची गरज नाही.

पण उकळतं पातेलं स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत न्यायचं कसं, हे त्या हिशेबात नसतं. ते मी पायावर शिकलो. पाचव्या दिवशी पंचा गुंडाळून, दोन हातांत पातेलं धरून निघालो. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि निम्मं पाणी उजव्या पावलावर. आमच्या सौभाग्यवतींनी तत्परतेनं टूथपेस्ट फासली. शेजारच्या डॉक्टर वहिनी आल्या, त्यांनी आधी ती टूथपेस्ट धुऊन काढली आणि मग आम्हा दोघांना बोलल्या. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. आणि फोड आले तर फोडायचे नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं. त्यांचा दुसरा नियम असा: बादली आधी बाथरूममध्ये ठेवायची, त्यात आधी गार पाणी, मग वरून गरम. घरात लहान मूल असेल तर नुसतं उकळतं पाणी बादलीत एक क्षणही ठेवायचं नाही. आणि पातेलं अर्धंच भरायचं. दोन फेऱ्या मारा, पण अर्धंच.

याच डॉक्टर वहिनींनी आणखी एक गोष्ट थांबवली. एका घरी घाईघाईनं गॅस गिझर आणून थेट बाथरूममध्ये बसवला होता. खिडकी छोटी, तीही थंडी वाजते म्हणून लावलेली. बंद जागेत गॅस जळला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता गुंगी येऊन पडतो, बाहेरच्याला वाटतं अजून आंघोळ चाललीय. त्यांनी संध्याकाळीच तो काढायला लावला. दुसऱ्या दिवशी तो ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत गेला आणि पाणी पाइपनं आत आलं.

तर असं आमचं चाललं होतं. वेळापत्रक होतं, नियम होते, विनोद होते. मला वाटायला लागलं होतं की आपण हे फार छान निभावलं. लंगडत लंगडत का होईना, मी रोज तिन्ही विंगमध्ये फेरी मारत होतो.

आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशी, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी मला पार्किंगमध्ये थांबवलं. त्या म्हणाल्या, "साहेब, रागवू नका. पण बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर आजोबांच्या खोलीतून वास येतोय. आजी दार नीट उघडत नाहीत."

पुढचं मी त्या आजींची परवानगी घेऊन सांगतोय. त्या समोरच बसल्या आहेत. मला म्हणाल्या, "सांग, नाहीतर पुढच्या वेळी पण असंच होईल."

आजोबांना अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली होती. मुलगी परगावी. आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रोज सकाळी सोलरचं गरम पाणी टबात घेऊन त्या एकट्या आजोबांचं अंग पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या, पाठीला पावडर लावायच्या. नळ पलंगापासून सात पावलांवर, म्हणून ते जमत होतं. पाणी बंद झालं आणि सगळंच थांबलं. पाच लिटरचं पातेलं त्यांना उचलत नव्हतं. रॉडची भीती वाटत होती. सिलिंडर एकच, तो सण होईपर्यंत पुरवायचा होता. मग एक तांब्याभर पाणी गरम करायचं आणि त्यात तोंड, हात, पाय पुसायचे. पाठीपर्यंत पाणी पुरायचंच नाही.

डॉक्टर वहिनींनी आजोबांना कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा लाल होऊन सोलवटली होती. बेडसोर. वहिनी मला बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, हे आंघोळ चुकली म्हणून होत नाही. हे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होतं, आणि ओलाव्यानं वाढतं. पण आंघोळ घालताना माणूस पाठ बघतो. आंघोळ थांबली आणि पाठ बघणंही थांबलं."

मी आजींना विचारलं, "अहो, तुम्ही एका शब्दानं तरी बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्याच घरी पाणी नाही. त्यात मी कुठं माझं रडगाणं घेऊन येऊ?"

मंडळी, मी नऊ दिवस त्या दारावरून फेरी मारत होतो. खाली उभं राहून "बी विंग, सगळं ठीक ना?" असं ओरडत होतो. वरून कुणीतरी "ठीक" म्हणायचं. ते उत्तर मी सोळा घरांचं धरत होतो. आणि अठरा हजार रुपये वाचवले म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, त्यातल्या दोन टाळ्या याच आजींच्याही होत्या.

त्या संध्याकाळी कुणीही मीटिंग बोलावली नाही. आपोआप दहा-बारा जण जमले. ठरलं असं: बी विंगच्या तळमजल्यावरची दोन कॉलेजची मुलं रोज सकाळी साडेसातला गरम पाण्याच्या दोन अर्ध्या बादल्या पोचवणार. वहिनी एक दिवसाआड जखम बघणार. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याचा कागद पलंगाजवळ लावला, आणि दिवसाच्या पाळ्या शेजारच्या तीन घरांनी वाटून घेतल्या. रात्री आजी आणि गजराचं घड्याळ. भाड्यानं हवेची गादी आणली.

आणि मग आला नरक चतुर्दशीचा दिवस. पहिली आंघोळ! सी विंगमधल्या काकूंनी आदल्या रात्री माळ्यावरून त्यांच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब उतरवला. चिंच आणि मिठानं घासून लख्ख केला. सायकल स्टँडच्या पलीकडं, उघड्या आभाळाखाली, पहाटे चारला तो पेटवला. आजच्या मुलांनी बंब फक्त पुराणवस्तूंच्या दुकानात पाहिलेला. मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. काकू सूचना देत होत्या: "रिकामा पेटवायचा नाही रे, झाळ सुटेल. आधी पाणी, मग जाळ. आणि एक बादली काढली की एक बादली ओतायची, विसरायचं नाही." लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, शेवटी मुलांच्या जुन्या वह्या. वह्या मुलांनीच आनंदानं आणून दिल्या. (हशा)

रांग लागली होती. पहिली बादली कुणाची, असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दोन्ही मुलांनी अर्धी अर्धी बादली उचलली आणि बी विंगचा जिना चढायला लागले. मागून डॉक्टर वहिनी, उटण्याची वाटी घेऊन आमची सौ., आणि काठी टेकत मी. जखम जपून आजोबांना तेल लावलं, उटणं लावलं, पुसून कोरडं केलं, नवा सदरा घातला. आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात, जो चालत होता तो, उचलला आणि पाणी आणणाऱ्या एका मुलाच्या डोक्यावर ठेवला. तो मुलगा आज आपला सचिव आहे. (टाळ्या)

भाऊबीज झाली, कारखाना उघडला, एकोणिसाव्या दिवशी नवी टाकी बसली. नळाला गरम पाणी आलं. आजोबांची जखम भरायला पुढं दीड महिना लागला. पण भरली. त्यानंतर ते दोन वर्षं होते.

आता हिशेब. खजिनदाराला तो दिल्याशिवाय खाली बसता येत नाही. नवी टाकी, नळ्यांची सफाई, पाइप, मजुरी, सगळं मिळून चार लाखांच्या घरात गेलं. घरामागं सुमारे आठ हजार तीनशे रुपये. मी जे काम ढकललं ते घरामागं वर्षाला तीनशे पंचाहत्तर रुपयांचं होतं. आदर्श उपविधीत दुरुस्ती निधी आहे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. तो याच कामासाठी असतो. बँकेत ठेवून त्याच्याकडं कौतुकानं बघायला नसतो. मेंटेनन्स वाढला नाही म्हणून कुणी टाळ्या मागितल्या, तर आधी विचारा: कोणतं काम केलं नाही?

त्या एकोणीस दिवसांतून दोन गोष्टी उरल्या आहेत, त्या नव्या कार्यकारिणीच्या हाती देतो. एक, गच्चीच्या दारामागं लावलेला तक्ता. थर कधी काढला, कांडी कधी बदलली, पुढची तारीख कोणती. यंदाची तारीख याच महिन्यात आहे. समारंभाच्या गडबडीत ती ढकलू नका.

दुसरी, एक छोटी वही. आपल्याकडं कोण एकटं राहतं, कोण अंथरुणावर आहे, कुणाला जड उचलता येत नाही, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे. ती वही नोटीस बोर्डावर लावायची नाही, प्रत्येक विंगमधल्या एका माणसाकडं ठेवायची. पाणी जाईल, वीज जाईल, लिफ्ट बंद पडेल, तेव्हा खाली उभं राहून ओरडायचं नाही. त्या वहीतल्या घरांच्या बेलवर बोट ठेवायचं आणि दार पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं.

या वहीत नवीन नावं घालायची आहेत. बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी अजून एकट्याच आहेत. आणि या वर्षी ए विंग, तिसरा मजला, एका माजी खजिनदाराचं नावही लिहून घ्या. गुडघे गेले आहेत, पातेलं उचलत नाही.

आजी, तुमचे आभार. तुम्ही सांगा म्हणालात म्हणून सांगितलं.